बेस्ट प्लेयर कोण? आधी सांगा, मत कोण देतंय!

आजचा एपिसोड एका साध्या प्रश्नावर आहे. प्रीमियर लीगच्या एकाच सीझनमध्ये ‘बेस्ट प्लेयर’ दोन-दोन जण कसे काय असतात? इन्स्टावर एक पोस्ट म्हणते हा, दुसरी म्हणते तो. खोटं कोण बोलतंय?

कोणीच नाही. इंग्लंडमध्ये हा मान देणारे मुळात तीन वेगवेगळे आहेत.

सगळ्यात जुना पुरस्कार फुटबॉल पत्रकारांच्या संघटनेचा, म्हणजे एफडब्ल्यूएचा. तो 1948 मध्ये पहिल्यांदा स्टॅन्ली मॅथ्यूजला मिळाला. दुसरा पीएफएचा, म्हणजे खेळाडूंच्या युनियनचा. तो 1974 पासून आहे आणि त्यात खेळाडूच खेळाडूंना मत देतात. पहिला विजेता लीड्सचा डिफेंडर नॉर्मन हंटर. तिसरा प्रीमियर लीगचा स्वतःचा, 1994-95 पासूनचा. तिथे हल्ली लोकांची ऑनलाइन मतं, क्लबांचे कॅप्टन आणि जाणकारांचं पॅनल असं मिळून ठरतं.

म्हणजे डेटा एकच, पण त्यावर तीन वेगळी फंक्शन्स चालतात. मग आउटपुट वेगळं येणारच ना!

आता माझं आवडतं उदाहरण घेऊ. 2015-16, लेस्टर सिटी. ज्यांच्यावर सीझनच्या सुरुवातीला एकास पाच हजार असा भाव होता, तेच चॅम्पियन झाले. जेमी वार्डीने लीगमध्ये 24 गोल मारले, त्यात सलग 11 मॅचमध्ये गोल करण्याचा विक्रमही केला. रियाद महरेझचे 17 गोल. पत्रकारांनी वार्डीला निवडलं, लीगनेही वार्डीलाच. खेळाडूंनी मात्र महरेझला. का? माझा अंदाज असा, की वार्डीचा गोल बाहेरून दिसतो, पण महरेझसमोर एकटं उभं राहिल्यावर काय हालत होते ते डिफेंडरलाच माहीत!

पण त्याच टीममध्ये तिसरा एक जण होता. एन्गोलो कान्ते. गोल फक्त एक. पण लीगमध्ये सगळ्यात जास्त टॅकल त्याचे, 175. सगळ्यात जास्त इंटरसेप्शन्सही त्याचीच, 156. पीएफएच्या सहा जणांच्या यादीत तो होता, पण तिन्ही पुरस्कारांपैकी एकही त्याला मिळाला नाही.

पुढे जे झालं ते इंजिनियर म्हणून मला भारी वाटतं. उन्हाळ्यात कान्ते चेल्सीला गेला. वार्डी आणि महरेझ लेस्टरमध्येच राहिले. लेस्टर 81 पॉइंट्सवरून थेट 44 वर आलं, बाराव्या नंबरवर. चेल्सी आदल्या वर्षी 50 पॉइंट्स घेऊन दहावी होती, ती 93 पॉइंट्स घेऊन चॅम्पियन! सगळं श्रेय एकट्या कान्तेचं नाही हं. लेस्टरवर त्या वर्षी चॅम्पियन्स लीगचा ताण होता. चेल्सीला युरोपातल्या मॅचच नव्हत्या, शिवाय कोंतेसारखा नवा कोच होता. पण एक सर्व्हिस एका सिस्टिममधून काढून दुसरीत टाकली आणि दोन्ही ग्राफ असे हलले, तर आपण काय म्हणू?

2016-17 मध्ये तिन्ही पुरस्कार कान्तेला मिळाले. त्या वर्षीही त्याचा लीगमधला गोल एकच!

म्हणजे अडवणाऱ्याचं काम दिसायला वेळ लागतो. पीएफएची यादी काढून बघा. गोलकीपर आत्तापर्यंत दोनच, पॅट जेनिंग्ज आणि पीटर शिल्टन. शिल्टनचं वर्ष 1978, त्यानंतर एकही नाही. 2005 मध्ये डिफेंडर जॉन टेरी जिंकला, त्याच्यानंतरचा डिफेंडर थेट 2019 चा व्हॅन डाइक. आणि त्याही वर्षी पत्रकारांनी रहीम स्टर्लिंगला निवडलं.

मत कधी देतात यानेही फरक पडतो. पीएफएचा समारंभ पूर्वी एप्रिलमध्ये व्हायचा, म्हणजे सीझन संपायच्या आधीच निकाल! 1999 मध्ये खेळाडू आणि पत्रकार दोघांनीही टॉटनमच्या डेव्हिड जिनोलाला निवडलं. मे संपेपर्यंत मँचेस्टर युनायटेडने तीन ट्रॉफ्या जिंकल्या होत्या. आता पीएफए सीझन संपल्यावर पुरस्कार देते.

हे सगळं मला इतकं का लागलं, ते सांगते. आमच्या टीममध्ये दर वर्षअखेरीला असंच मतदान होतं. एका वर्षी मी ज्याने झकास डॅशबोर्ड बनवला त्याला मत दिलं. डेमोला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमचे एक सीनियर होते, ते वर्षभर जुने अलर्ट साफ करायचे, सर्व्हर पडायच्या आत दुरुस्त करायचे. त्यांचं नाव माझ्या डोक्यातही आलं नाही. त्यांना बहुतेक एकही मत पडलं नसावं. काही महिन्यांनी ते सोडून गेले, आणि मग रात्री तीन वाजता माझा फोन वाजायला लागला. मी त्यांना कॉल करून सॉरी म्हटलं, तर हसून म्हणाले, “अगं, काही पेटलं नाही म्हणून तर कोणाच्या लक्षात आलं नाही!”

मतदान प्रामाणिकच होतं. मी बघत मात्र चुकीच्या ठिकाणी होते.

हळूहळू मोजमाप बदलतंय. तुमच्यातले बरेच जण फँटसी प्रीमियर लीग खेळतात. 2025-26 पासून तिथे टॅकल, इंटरसेप्शन, क्लिअरन्स ठरावीक संख्येच्या वर गेले की वेगळे पॉइंट्स मिळतात. 2016 मध्ये हा नियम असता, तर आपण सगळे कान्तेला टीममध्ये घ्यायला धावलो असतो!

तर पुढच्या वेळी ‘बेस्ट प्लेयर’ची पोस्ट आली की भांडायच्या आधी तीन गोष्टी बघा: मत कोणी दिलं, कधी दिलं आणि त्यांना काय दिसत होतं. आणि शनिवारच्या मॅचला एक करून बघा. दहा मिनिटं बॉल सोडा, एकाच मिडफिल्डरकडे बघा. तो कुठे पळतो, कुणाची वाट अडवतो ते बघा. मग मला कळवा, तुमचं मत कोणाला गेलं असतं.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!