पाळलेला पोपट: नोंद आणि ओळख

देशी पोपट : लाल चोचीचा, गळ्याला कंठ असलेला आपला हिरवा राघू वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित. 2022 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत. तो पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा. नोंदणी करून तो घरी ठेवण्याची सोय नाही.

परदेशी पोपट : मकाव, काकाकुवा, करडा आफ्रिकन पोपट यांचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. करडा आफ्रिकन 2017 पासून सर्वांत कडक, म्हणजे पहिल्या परिशिष्टात. अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीतील अशा पक्ष्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर. मालक बदलला, पिल्लू झाले किंवा पक्षी मेला, तरी कळवायचे.

चौथ्या अनुसूचीबाहेर : बजरीगर (बाजारात अनेकदा ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जातो) आणि कॉकाटील.

बंद रिंग : पिल्लू काही दिवसांचे असतानाच पायात सरकवतात, पाय वाढला की निघत नाही. त्यामुळे ती पिंजऱ्यातच जन्मल्याची महत्त्वाची खूण. रिंगवरून नख फिरवून बघा: सांधा लागला, तर ती नंतर चढवलेली असू शकते. कोरलेला क्रमांक कागदाशी जुळायलाच हवा.

मायक्रोचिप : छातीच्या स्नायूत, पशुवैद्याकडून. 15 अंकी क्रमांक, स्कॅनरवरच दिसतो. ठिकाण सांगत नाही.

डीएनए चाचणी : पिसावरून नर-मादी कळते; नोंदणीला पर्याय नाही.