माहीम ते शीव : मुंबई बेटाच्या किल्ल्यांची पायी सफर

सुट्टीत नागपूरची आपली कितीतरी कुटुंबे मुंबईला जातात, माहीमला मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्यावर जियारत करतात आणि लोकल पकडून परततात. जवळच समुद्रकाठी माहीमचा किल्ला आहे, तिकडे कुणी वळत नाही. आम्हीही वळलो नव्हतो. यंदा हिवाळ्यात वर्गातली काही मुले घेऊन तिथून शीवपर्यंत चाललो. अंतर फार तर पाच किलोमीटर.

मुंबई तेव्हा बेटांची होती. पोर्तुगीजांनी ती 1661 च्या तहात इंग्लंडच्या राजाला दिली, 1668 मध्ये ती कंपनीकडे आली. खाडीपलीकडची साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणून उत्तरेच्या काठावर किल्ल्यांची रांग : पश्चिमेला माहीम, मधे धारावीतला रिवा म्हणजे काळा किल्ला, पूर्वेला टेकडीवर शीव. काळ्या किल्ल्याच्या भिंतीवर गव्हर्नर जॉन हॉर्न यांचे नाव आणि 1737 साल कोरले आहे. त्याच वर्षी मराठ्यांनी साष्टी घेतली होती. पुढची पाळी आपली, ही धास्ती इंग्रजांना होती.

इथेच एका मुलाने विचारले, "सर, मग आपण कुणाच्या बाजूने?"

हा प्रश्न वर्गातही येतो आणि आम्ही तो टाळत आलो. या वेळी थांबून 1689 ची हकीकत सांगितली. कंपनीने मुघलांची जहाजे पकडली, तेव्हा औरंगजेबाच्या आरमाराचा सरदार, जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला. मूळचे आफ्रिकेतले हे सिद्दी. त्याने माझगाव, माहीम घेतले, इंग्रज कोटात कोंडले गेले. 1690 मध्ये कंपनीने बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये भरले, मग वेढा उठला.

"म्हणजे भांडण जहाजांचं आणि पैशांचं होतं," मुलगा म्हणाला. आम्ही फक्त मान हलवली.

जायचे असेल तर सकाळी लवकर निघा, पाणी सोबत घ्या. काळा किल्ला बाहेरूनच बघावा लागतो, पत्ता विचारला की धारावीतली मंडळी रस्ता दाखवतात. शीवला पायथ्याशी बाग आहे, वर तोफा आहेत. आपला सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे असल्याने वर्षात मोजकेच दिवस उघडतो, इथे तसे नाही. वरून खाडीचा पट्टा दिसतो आणि इंग्रजांची नजर कुठे होती, ते नकाशाशिवाय कळते.