ओट्स आणि कोलेस्टेरॉल : साठ वर्षांचा हिशेब

ओट्सच्या कीर्तीची सुरुवात अगदी लहान प्रयोगातून झाली. १९६३ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी २१ पुरुषांना तीन आठवडे रोज १४० ग्रॅम ओट्स घातलेला पाव खायला दिला. त्यांचे कोलेस्टेरॉल सरासरी ११ टक्क्यांनी उतरल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात डॉ. जेम्स अँडरसन यांनी ओट्सच्या कोंड्यावर चिकाटीने काम केले. पण हे संशोधन घरोघरी पोहोचवले ते रॉबर्ट कोवाल्स्की यांच्या १९८७ च्या खपाऊ पुस्तकाने. आठ आठवड्यांत कोलेस्टेरॉल आटोक्यात येते, असे सांगणाऱ्या या पुस्तकानंतर अमेरिकेत मफिनपासून बटाट्याच्या वेफर्सपर्यंत सगळ्यांत हा कोंडा पडू लागला. लोणी आणि साखरेने भरलेला मफिनही त्यामुळे पथ्याचा ठरला.

जानेवारी १९९० मध्ये ही लाट ओसरली. बोस्टनच्या संशोधकांनी २० निरोगी माणसांना काही आठवडे ओट्सचा कोंडा आणि काही आठवडे तंतू काढून टाकलेला गहू दिला. दोन्ही वेळा कोलेस्टेरॉल जवळपास सारखेच, सात-आठ टक्क्यांनी उतरले. पोट या पदार्थांनी भरले, तूप-मांस कमी खाल्ले गेले, म्हणून फरक पडला. कोंड्याचा स्वतःचा गुण नगण्य, असा निष्कर्ष निघाला. आक्षेप रास्त होता, पण तपासलेल्या माणसांचे कोलेस्टेरॉल मुळातच जेमतेम १८६ मिलिग्रॅम (प्रति डेसिलिटर) होते आणि संख्याही थोडी होती. १९९२ मध्ये अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. घट थोडी, पण खरी निघाली, आणि ज्यांचे कोलेस्टेरॉल जास्त त्यांच्यात ती अधिक दिसली. एका प्रयोगाने डोक्यावर घेतलेले अन्न दुसऱ्या प्रयोगाने पायदळी तुडवले गेले होते; दोन्ही वेळा घाई तीच होती.

कोंडा केवळ दुसऱ्या अन्नाची जागा अडवतो, या आक्षेपाला नेमके उत्तर कार्यकारणभावातून मिळाले. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा विद्राव्य तंतू पाण्यात बुळबुळीत होतो आणि आतड्यातील पित्ताम्ले परत शोषली जाऊ देत नाही. मग यकृताला नवे पित्त तयार करण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घ्यावे लागते. १९९५ च्या एका प्रयोगात विकराने हा तंतू तोडून तोच कोंडा दिला, तेव्हा बाहेर पडणारी पित्ताम्ले कमी झाली. कोंडा तोच असताना गुण गेला, म्हणजे तो तंतूचाच होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोज तीन ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या आधारे आरोग्यविषयक दावा छापायला परवानगी दिली. ही मागणी क्वेकर कंपनीची होती आणि ओट्सवरच्या संशोधनात उद्योगाचा पैसाही आहे, म्हणून शंका घेणे योग्यच. पण वेगवेगळ्या देशांतले निकाल एकाच दिशेने जातात आणि त्यामागची प्रक्रियाही तपासून पाहिलेली आहे. केवळ पैशाकडे बोट दाखवून हे सारे पुसता येत नाही.

उरतो प्रश्न परिणामाच्या आकाराचा. २०१४ मध्ये २८ प्रयोगांचा एकत्रित हिशेब झाला, तेव्हा ‘वाईट’ म्हटले जाणारे एलडीएल सरासरी १० मिलिग्रॅमच्या आसपास उतरलेले दिसले. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळीपुढे हे किरकोळ आहे, आणि ओट्सच्या भरवशावर गोळी बंद करणे धोक्याचे आहे. तरी रोजच्या न्याहारीतून, वर्षानुवर्षे मिळणारी एवढी घटही मोलाची असते. त्यासाठी मात्र ६० ते ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. चवीपुरत्या दोन चमच्यांनी भागत नाही. अतिप्रक्रियेत तंतूचे रेणू फार तुटले, तर परिणाम निम्म्यावर येतो, असे २०१० च्या प्रयोगात दिसले. म्हणून मसाला, मीठ, साखर घातलेल्या झटपट पाकिटापेक्षा साधे ओट्स बरे. महाग वाटत असतील तर जव, म्हणजेच सातू, आहेच. त्यातही हाच तंतू असल्याने अमेरिकेने तोच दावा पुढे त्यालाही लागू केला. साठ वर्षांत ओट्सचा गुण वाढला नाही की घटला नाही, आपली अपेक्षा तेवढी भरकटत राहिली. किती, कोणत्या रूपात आणि कोणासाठी, हे तीन प्रश्न विचारूनच ते ताटात घ्यावेत. पुढच्या प्रत्येक ‘चमत्कारी’ अन्नालाही हीच कसोटी लावावी.