ओली पाटी, कोरडी पाटी

तीन वर्षांपूर्वी मी एक जुनी मोटारसायकल विकत घेतली. जपानी बनावटीची, वीसेक वर्षांची, पण इंजिन ठणठणीत. पाहायला गेलो तेव्हा तिची काळी मडगार्डे, टाकीखालचे पट्टे, हँडलवरची आवरणे पिकल्या जांभळासारखी चमकत होती. व्यवहार झाला. आठवड्याने मी तिला साबणाने खसखसून धुतले आणि वाळल्यावर पाहतो तो काय, सगळे काळे प्लॅस्टिक राखेच्या रंगाचे! शिवाय टाकीशेजारच्या झाकणाला, स्क्रूच्या भोकापासून निघालेला बोटभर तडा. विकणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यावर सिलिकॉनचा फवारा मारून ठेवला होता.

आधी राग आला. मग कुतूहल वाटले. इतकी वर्षे संगणकाच्या प्रणाली लिहिल्या, त्याआधी अभियांत्रिकीत डॉक्टरेट केली, पण काळे प्लॅस्टिक पांढुरके का होते, हे मला धड सांगता आले नसते.

आपल्यापैकी अनेकांचे बालपण वडिलांच्या चेतकवर पुढे उभे राहण्यात गेले. तिचे अंग पत्र्याचे. पोचा आला की डेंटर तो ठोकून काढी, वर लांबी आणि रंग, की झाले. पत्र्याचा रंग हा वरून दिलेला थर असतो. मोटारसायकलच्या काळ्या सुट्या भागांत मात्र रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला असतो. दुचाकीवर प्लॅस्टिक येऊन आता बराच काळ लोटला. होंडाच्या १९५८ सालच्या सुपर कबचे पायांपुढचे आवरण पॉलिएथिलीनचे होते. ते हलके, गंज नाही, साच्यातून हवा तो आकार मिळतो. शत्रू एकच, ऊन.

उन्हातील अतिनील किरण प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात आणि हवेतला प्राणवायू त्या तुटलेल्या जागी जोडला जातो. पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि त्यांवरून प्रकाश सगळीकडे विखुरला की काळा भाग करडा दिसतो. शाळेतली पाटी आठवा. कोरडी असताना करडी, ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर, कारण पाणी बारीक खाचा भरते. वाळली की पुन्हा करडी. सिलिकॉनचा फवारा म्हणजे ते ओले फडके. चार धुण्यांत तो निघून जातो. तो सीटवर, टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर मात्र चुकूनही उडू देऊ नका. घसरण्याची आणि ब्रेक न लागण्याची ती सोय आहे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी प्लॅस्टिक कोणते, हे ओळखावे. भाग सोडवून उलटा केला की आतल्या बाजूला बहुधा अक्षरे उमटवलेली असतात. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ‘एबीएस’ म्हणजे ज्याचे रंगीत फेअरिंग आणि टाकीशेजारची झाकणे बहुधा बनवतात ते. खूण नसेल तर कडेचा नखाएवढा कपटा पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९, ते तरंगते. एबीएसची सुमारे १.०५, ते बुडते. भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन कधी कधी फसवते, पण सुरुवातीला ही परीक्षा पुरते.

माझी मडगार्डे पॉलिप्रॉपिलीनची निघाली. गरम हवेची बंदूक फिरवली की वरचा थर किंचित वितळतो, भेगा मिटतात आणि डोळ्यांदेखत काळेपण परत येते. जादूच वाटते. त्या आनंदात मी एका जागी चार सेकंद जास्त थांबलो. मडगार्डाच्या कडेला लाट आली आणि पृष्ठभागावरची दाणेदार नक्षी पुसली गेली, ती कायमची. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते. बंदुकीची हवा त्याच्या दुप्पट-तिप्पट तापलेली असते. म्हणून भाग गाडीवरून काढून, पेट्रोलपासून लांब, वीतभर अंतरावरून हात सतत हलता ठेवावा. तरीही हा उपाय टिकाऊ नाही. किरणांपासून बचाव करणारी द्रव्ये उन्हाने खर्ची पडलेली असतात, ती गरम हवेने परत येत नाहीत. पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत करडेपणा पुन्हा डोकावतो.

दुसरा मार्ग घासण्याचा. भाग गुळगुळीत असेल तर ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरुवात करून ८००, १५००, २००० असे पाण्याखाली घासत जावे आणि शेवटी पॉलिश करावे. मेलेला थर निघून खालचा ताजा थर वर येतो. दाणेदार भागावर हे करू नये, नक्षी जाते. तिसरा मार्ग काळ्या रंगद्रव्याचे किंवा पारदर्शक लेपाचे आवरण. आधी भाग साबणाने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंशही ठेवायचा नाही, नाहीतर लेप धरत नाही. हा लेप म्हणजे आपली कल्हई. भांडे तेच, वरचा थर वेळोवेळी नवा. दाणेदार भागांसाठी मी हाच मार्ग धरला.

राहिला तो तडा. ते झाकण एबीएसचे होते, हे माझे नशीब. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे कपटे रात्रभर ॲसिटोनमध्ये ठेवले की खळीसारखा लगदा होतो. (१९६३ पासून लेगोचे ठोकळे एबीएसचे आहेत, त्यामुळे कपट्यांसाठी मला मुलांच्या खोलीपलीकडे जावे लागले नाही.) तड्याच्या टोकाला दोन मिलिमीटरचे भोक पाडले, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मागची बाजू खरवडून बारीक तारेची जाळी बसवली, वर लगदा लावला आणि दोन दिवस हात लावला नाही. असा जोड चिकटवलेला नसतो, तो त्याच प्लॅस्टिकचा होऊन जातो. ॲसिटोन चटकन पेट घेते, तेव्हा गॅरेजचे दार उघडे हवे आणि जवळ ज्योत नको. पॉलिप्रॉपिलीनवर यातले काही चालत नाही. त्यावर नेहमीचा गोंदही धरत नाही. त्याच प्लॅस्टिकची पट्टी तापवून सांधावी लागते.

यंदा ती गाडी मी विकायला काढली. आपल्याच मंडळातला एक विद्यार्थी पाहायला आला आणि म्हणाला, “काका, अगदी नवीन दिसतेय!” फवाऱ्याची अर्धी बाटली फडताळात होती; मी ती वापरली नव्हती. झाकण काढून त्याला मागची जाळी दाखवली, मडगार्डाच्या कडेची लाट दाखवली, लेप वर्षातून एकदा द्यावा लागेल हेही सांगितले. त्याने बोललेल्या किमतीतले पन्नास डॉलर कमी केले. मी दिले.

जाताना त्याने विचारले, “तो लेप कसा द्यायचा, शिकवाल का?” पुढच्या शनिवारी तो येणार आहे. येताना गाडी धुऊन, कोरडी करून आण, एवढेच मी त्याला सांगितले आहे.