थांबलेल्या कारखान्याचें छायाचित्र

घराच्या भिंतीवर काय टांगावें याचे कांहीं संकेत आपल्या समाजांत ठरून गेले आहेत. देवादिकांच्या तसबिरी, वाडवडिलांचीं छायाचित्रें, क्वचित् मुलाच्या पदवीदानाचें चित्र. कारखानदाराच्या कचेरींत गेलें तर हार घातलेलें नवें यंत्र व उद्घाटनास आलेल्या पाहुण्यांची रांग दिसते. जें मिळालें, जें वाढलें, तेंच चौकटींत बसविण्यास योग्य, असा आपला समज. म्हणूनच ठाण्याच्या घोडबंदर मार्गावर एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत आम्हीं पाहिलेल्या छायाचित्राविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात. तें चित्र बंद पडलेल्या कारखान्याचें आहे.

लांबट शेड, छपराच्या कांचांतून उतरलेला उजेड, लेथ यंत्रांची रांग, बांकावर ओळीनें ठेवलेले जेवणाचे डबे आणि यंत्रांपाशीं उभे असलेले कामगार. एकाचाही हात यंत्रावर नाहीं. खालीं शाईनें केवळ महिना व साल लिहिलें आहे: डिसेंबर १९६७. कारखाना याच मार्गावर होता, स्नेह्यांचे वडील तेथें कामास होते, आणि कोयनेच्या भूकंपानें वीज गेली तेव्हांचें हें चित्र, एवढें घरच्यांस ठाऊक आहे. इतरांचीं नांवें आतां कोणासही सांगतां येत नाहींत.

सोमवार, ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर येथें भूकंप झाला. सुमारें १८० माणसें दगावलीं, हजारों निराधार झालीं. शिवसागर जलाशयाचें पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस नेऊन पोफळी येथें डोंगराच्या पोटांत वीज निर्माण केली जाते. तें वीजगृह बंद पडलें, आणि मुंबईकडील उद्योगांचीं चाकें थबकलीं.

इतक्या दूरचा धक्का येथवर कसा पोंचावा? धान्य कणगींत राहतें, पाणी रांजणांत राहतें. विजेचें तसें नाहीं. ज्या क्षणीं जेवढी लागते, बहुतांशीं त्याच क्षणीं तेवढी निर्माण व्हावी लागते. आपल्याकडे प्रवाहाचीं आवर्तनें सेकंदास ५० असावीं असा दंडक आहे. मोठें केंद्र एकाएकीं बंद झालें कीं तीं घसरूं लागतात, आणि सगळें जाळें कोसळूं नये म्हणून कित्येकांचा पुरवठा तोडणें भाग पडतें. एकत्र कुटुंबांत एका कर्त्याची मिळकत थांबली म्हणजे सर्वांच्याच पानांतील घांस लहान होतो, तसाच हा प्रकार.

परंतु हा घांस सर्वांचा सारखा लहान होत नसे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यास १९५३ सालीं जोड मिळाली. कोळसा, वीज वा कच्चा माल यांच्या तुटवड्यामुळें मालकास काम देतां आलें नाहीं, तर मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई कामगारास मिळावी, असें तींत ठरलें. मात्र कारखान्यांत निदान ५० कामगार असावेत, कामगाराची वर्षभर सलग नोकरी झालेली असावी, आणि बदली कामगारास हा लाभ नसावा, अशा अटी होत्या. चित्रांतील चेहऱ्यांवरून कायम कोण व बदली कोण हें ओळखतां येत नाहीं. त्यांच्या घरच्या चुलीस मात्र तें लवकरच समजलें असेल.

या चित्रांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मंद उजेडांत छायाचित्र घेतांना कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागे, आणि जें हलेल तें पुसट उमटे. काम चालू असतें तर या माणसांचे हात धुक्यासारखे आले असते. येथें बोटांवरील काळें तेलसुद्धां स्पष्ट दिसतें. यंत्रें चालत असतां पाहणाऱ्याची नजर यंत्रांवर जाते. तीं थांबलीं म्हणून येथें माणसें दिसलीं. आमच्या मतें या चित्राचें मोल यांतच आहे.

घोडबंदर मार्गाचें रूप आतां पालटलें आहे. जेथें भोंगे वाजत, तेथें कित्येक ठिकाणीं उंच इमारती उभ्या आहेत. विजेची पराधीनता मात्र सरलेली नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं, तोही सोमवारच, जाळ्यांत बिघाड होऊन मुंबई व ठाण्याची वीज गेली, आणि लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. त्या दिवशीं ज्यांचा रोज बुडाला, त्यांचें चित्र कोणाच्या भिंतीवर असेल काय?

वाचकांस आमची एक विनंति आहे. आपल्या घरींही जुन्या कचेरीचें, छापखान्याचें वा गिरणीचें एखादें चित्र असेल. वडील मंडळी जवळ आहेत तोंच तें खालीं उतरवावें, प्रत्येक चेहऱ्याचें नांव, स्थळ व साल विचारून घ्यावें, आणि मागील पुठ्ठ्यावर पेन्सिलीनें लिहून ठेवावें. मालकांचीं नांवें कागदोपत्रीं राहतात. यंत्रापाशीं उभे राहणाऱ्यांचीं नांवें आपणच लिहिलीं तर राहतील.