विमान टिपताय? आधी हवा बघा!

वीकेंडला पेण किंवा रोह्याला गेलात, तर जरा वर बघा. मुंबईत ये-जा करणारी विमानं दिसतीलच. त्यात २५ डिसेंबर २०२५पासून पनवेलजवळच्या नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झालीयत. पण फोटो धुरकट आला, की आपण लगेच महागड्या लेन्सच्या किमती विचारायला लागतो. थांबा! दोष बऱ्याचदा हवेचा असतो.

दुपारी तापलेल्या रस्त्यावरची, पत्र्याच्या शेडवरची हवा थरथरते. तिच्यातून टिपलेलं विमान पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. तिथे भारीतली लेन्सही काही करू शकत नाही. म्हणून फोटो सकाळी लवकर काढा. पावसाने धूळ धुऊन नेलेली हवा तर बेस्टच! क्षितिजाजवळचं विमान सोडा, डोक्यावर येऊ द्या. मधली धुरकट हवा कमी होते.

आता सेटिंग. शटर स्पीड १/१०००, फोकस कंटिन्युअसवर आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवत चार-पाच फोटो सलग. पंख्याचं विमान असेल तर १/२५०वर या. नाहीतर पंखे बंद पडल्यासारखे दिसतात.

लेन्सचे पैसे वाचले ना? मग आदल्या संध्याकाळीच दिवा-रोहा गाडी पकडा!