टाच टेकायला हवी!

आमचा धाकटा चालायला लागला तोच चवड्यांवर. घरात कौतुकच झालं. सासूबाई म्हणायच्या, "मोराची चाल आहे गं माझ्या सोन्याची!" पुढे तो बोलेना, हाक मारली तरी बघेना, आणि साडेतीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचं निदान झालं. त्या धक्क्यात पायांकडे कुणाचं लक्ष जाणार?

लक्ष गेलं ते सँडलमुळे. चवड्याखालचा तळ झिजून पातळ झालेला आणि टाच मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी!

मैत्रिणींनो, नवी चाल शिकताना बरीच मुलं चवड्यांवर चालतात. पण दोन-तीन वर्षांची झाल्यावरही तसंच चालू असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. स्वमग्न मुलांत हे जास्त आढळतं. होतं काय, की टाच टेकलीच नाही तर पोटरीपासून टाचेपर्यंत येणारी जाड कंडरा हळूहळू आखडते. मग मुलानं मनात आणलं तरी टाच टेकत नाही. आधी पोटऱ्या ताणायचे व्यायाम, कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायची प्लास्टरं, कधी घोटा काटकोनात धरणारा प्लॅस्टिकचा साचा, म्हणजे ए.एफ.ओ. फारच आखडली तर शस्त्रक्रिया.

आम्हाला साचा सांगितला. पायाचं माप घेऊन तो बनवून आला, आणि पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं पोरानं. त्याला साधी शर्टाची पट्टी टोचते, तिथे हे पट्टे! चिकटपट्टी उघडतानाचा चर्र आवाज तर मुळीच सोसेना. सासूबाई कडाडल्या, "लेकराला बेड्या घातल्यास." त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून रडले, खोटं कशाला सांगू?

मग साचे चार दिवस नुसते खेळण्यांत ठेवले. आधी पाच मिनिटं, मग पंधरा, असं वाढवत नेलं, तेही त्याच्या लाडक्या टेबलफॅनसमोर बसवून. मोजा उलटा घातला, शिवण बाहेर, की टोचत नाही. सुरकुती मात्र राहू देऊ नये. साचा काढल्यावर कातडी रोज पाहावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर घरी कापूस कोंबत बसू नका, बनवणाऱ्याकडून साचा नीट करून घ्या. बूट रुंद, आतला तळवा काढता येणारा घ्यावा. आणि पाय वाढतो, तेव्हा साचा पुन्हा करावा लागतो, हा खर्च आधीच धरावा.

साच्यानं स्वमग्नता जात नाही, हेही सांगते. पाय जपला जातो, एवढंच. जड गोधड्यांचंही तसंच. २०१४ साली इंग्लंडमधल्या ६७ स्वमग्न मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुलांची झोप काही वाढली नाही, मात्र मुलांना आणि पालकांना ती गोधडी आवडली. मी नाही घेतली. त्या पैशांत बूट आले.

रोज रात्री मोजे उलटे करून ठेवायचं काम आता सासूबाईंचं आहे. परवा त्यांनीच सँडल उलटी करून दाखवली. डावी टाच जराशी झिजलीय. उजवी अजून कोरीच आहे.